मिलिंग यंत्र काटकोनात आणताना

यंत्र विकत आणले, भिंतीशी उभे केले आणि विजेची कळ दाबली, की कारखाना सुरू झाला, अशी पुष्कळांची समजूत असते. पाण्याचा पंप किंवा शिवणयंत्र यांच्या बाबतीत ती फारशी खोटी ठरत नाही. मिलिंग यंत्राची गोष्ट मात्र निराळी आहे. ते फिरते, लोखंड कापते, चकचकीत पृष्ठभागही काढून देते. आणि एवढे सगळे करूनही ते चुकीचे काम करीत असू शकते. त्याचा दोष आवाजावरून कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही. तो कळतो तो दोन सुटे भाग एकमेकांवर ठेवून बोल्ट घालू लागल्यावर, म्हणजे माल, वेळ आणि मजुरी ही तिन्ही खर्च होऊन गेल्यानंतर.

लेथवर काम फिरते आणि हत्यार स्थिर असते. मिलिंग यंत्रावर हत्यार फिरते आणि काम सरकते. कटर धरून फिरणारा दांडा म्हणजे स्पिंडल. काम ज्यावर आवळून बसवायचे ते टेबल डावीउजवीकडे आणि पुढेमागे सरकते, आणि स्पिंडल ज्यात बसवलेले असते ते डोके एका खांबावर खालीवर होते. अशा तीन दिशा झाल्या. या तिन्ही दिशा परस्परांशी काटकोनात असाव्यात आणि स्पिंडल टेबलावर लंब उभे असावे, या दोन अटींवर यंत्राचे सारे खरेपण अवलंबून आहे. गवंडी ज्यासाठी ओळंबा सोडतो आणि सुतार ज्यासाठी गुण्या लावतो, तीच ही गोष्ट. फरक आहे तो मापाचा. सुताराचे बोलणे सुतात चालते, आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिलिंग यंत्राचा हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चालतो.

ग्वाल्हेरसारख्या शहरात हा विषय केवळ पुस्तकी नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली उज्जैनहून राजधानी हलवून जेथे छावणी दिली, ते लष्कर आज दाट वस्तीचे गाव आहे. दाणाओळीसारखी नावे तेथील मराठी वस्तीची खूण अजून सांगतात. ज्या शहरात १९२१ साली जियाजीराव कापडगिरणी उभी राहिली आणि १९५७ साली माधव अभियांत्रिकी संस्था सुरू झाली, तेथे हत्यार हाती धरण्याची आवड असलेली माणसे पिढ्यानपिढ्या तयार होत आली. गिरणी बंद पडून आता काही दशके लोटली. मोठ्या कारखान्याचे छत्र नसले, की हुन्नर घराच्या तळमजल्यावर येतो. एकेरी फेजच्या विजेवर चालणारे, ओट्यावर किंवा लोखंडी घोडीवर बसणारे लहान मिलिंग यंत्र आज अशा घरगुती कामाला उपलब्ध आहे. पण मोठ्या कारखान्यात यंत्र बसवून देणारा अनुभवी फिटर असे. घरच्या कारखान्यात तो नसतो. ते काम यंत्राच्या मालकालाच शिकून घ्यावे लागते.

या कामात पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्रम. पुष्कळ नवशिके यंत्राचे डोके टेबलाशी काटकोनात आणण्यापासून आरंभ करतात, कारण ते सोपे असते आणि त्याचा परिणाम लगेच दिसतो. परंतु खांबच जर कललेला असेल, तर डोके सरळ करून तो कल नाहीसा होत नाही. फक्त झाकला जातो. समजा, खांब २०० मिलिमीटर उंचीत एक दशांश मिलिमीटर उजवीकडे झुकला आहे. आखूड सेंटर-ड्रिलने खूण केली आणि नंतर लांब ड्रिल लावण्यासाठी डोके १०० मिलिमीटर वर घेतले, तर भोकाची जागा ०.०५ मिलिमीटर सरकलीच. चार भोकांच्या दोन पट्ट्या एकमेकींवर बसत नाहीत, आणि दोष ड्रिलला दिला जातो. म्हणून पायाकडून माथ्याकडे जावे: आधी बैठक, मग सरकते भाग, मग खांब, मग डोके, आणि शेवटी शेगडा. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावू नये.

बैठकीविषयी एक गैरसमज आहे. यंत्र पाणसळीत असले पाहिजे असे म्हणतात ते खरे. पण यंत्र किंचित उतरते असले तरी काम बिघडत नाही. काम बिघडते ते बैठक पिळली गेल्यामुळे. घोडीचा माथा चार कोपऱ्यांत एकसारखा नसेल आणि चारही बोल्ट जोराने आवळले, तर बिडाची जाड बैठकसुद्धा वाकते आणि तिच्याबरोबर खांबही वळतो. याची परीक्षा सोपी आहे. तीन बोल्ट आवळावेत, चौथ्याजवळ डायल लावावी आणि तो बोल्ट आवळताना काट्याकडे पाहावे. काटा हलला, तर त्या कोपऱ्याखाली फट आहे. तेवढ्या जाडीची पत्र्याची पट्टी, म्हणजे शिम, खाली सरकवावी आणि पुन्हा पाहावे. काटा जागचा हलेनासा झाला, की बैठक आपल्या स्वाभाविक स्थितीत बसली असे समजावे.

दुसरी पायरी सरकत्या भागांची. टेबल ज्या वाटेने सरकते तिच्यात पाचरीसारखी एक पट्टी बसवलेली असते. तिला गिब म्हणतात. ती सैल असली तर टेबल सरकताना डुलते आणि मग कोणतेही माप दोनदा सारखे येत नाही. फार घट्ट असली तर मळसूत्र फिरवायला जोर लागतो आणि वाट झिजते. टेबलाच्या कडेला डायल टेकवून हाताने टेबल एकदा आपल्याकडे ओढावे आणि एकदा ढकलावे. काटा जेवढा हलेल तेवढी ढिलाई. हँडल एका बोटाने नव्हे, पण एका हाताने सहज फिरावे आणि काटा जवळजवळ स्थिर राहावा, अशा बेताने गिब आवळावी. त्याआधी वाटा पुसून त्यांना तेल द्यावे, कारण धूळ आणि घट्टपणा यांतला भेद हाताला कळत नाही. मळसूत्रातही थोडा खेळ राहतोच. तो जमेस धरून माप नेहमी एकाच दिशेने गाठावे.

आता डायलविषयी. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना वाटेत एकाच खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर लागते. त्यातील इसवी सन ८७६ च्या शिलालेखात देवासाठी दिलेल्या एका बागेचे माप आहे: १८७ हात रुंद आणि २७० हात लांब. या २७० मधील वाटोळे शून्य जगातील गणिताच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. मापाच्या व्यवहारात कोरलेल्या त्या शून्याचा लहानसा वंशज डायलच्या तबकडीवर बसलेला असतो. तबकडी फिरवून हे शून्य काट्याखाली हवे तेथे आणता येते. म्हणजे डायल कोणत्याही वस्तूची लांबी सांगत नाही. इथून तिथे किती फरक पडला एवढेच सांगते. यंत्र जुळवणाऱ्याला तेवढेच हवे असते, आणि म्हणूनच साधी, स्वस्त डायलसुद्धा या कामाला पुरते.

तिसरी पायरी खांबाची. डायल स्पिंडलला पकडून टेबलावर उभ्या ठेवलेल्या गुण्याच्या कडेला टेकवावी आणि डोके खालीवर करावे. यापुढील सर्व परीक्षांत यंत्राची वीज बंद ठेवलीच पाहिजे. काटा हलला तर खांब कललेला, हे उघड दिसते. पण गुण्याच खोटा असला तर? येथे कारागिरीतील एक जुनी आणि सुंदर युक्ती उपयोगी पडते: वस्तू उलटी करून पुन्हा मोजावे. समजा, गुण्याची कड उजवीकडे तोंड करून ठेवली असता १५० मिलिमीटर चढाईत डायलने अधिक ०.०५ दाखवले. मग गुण्या फिरवून त्याच कडेचे तोंड डावीकडे केले आणि डायल डाव्या बाजूने टेकवली. आता उणे ०.०३ आले. गुण्याचा दोष गुण्याबरोबर फिरला, खांबाचा दोष जागेवर राहिला. तेव्हा दोन वाचनांतील अंतर ०.०८, त्याचे निम्मे ०.०४ हा खांबाचा कल. आणि दोहोंची बेरीज ०.०२, तिचे निम्मे ०.०१ हा गुण्याचा दोष. एका खोट्या गुण्याने यंत्राचे खरे माप काढता आले, आणि गुण्याचेही पितळ उघडे पडले. पाणसळीची परीक्षाही अशीच करतात. ती टोकाशी टोक फिरवून ठेवली असता बुडबुडा ज्या अंतराने दुसरीकडे सरकतो, त्याचे निम्मे अंतर पाणसळीच्या दोषाचे.

कल कळल्यावर तो काढणे हे त्रैराशिकाचे काम आहे. १५० मिलिमीटर उंचीत ०.०४ कल असेल आणि खांबाच्या तळातील बोल्टांचे अंतरही १५० असेल, तर झुकत्या बाजूच्या बोल्टांखाली ०.०४ जाडीची शिम घालावी. बोल्टांचे अंतर ७५ असेल तर शिम निम्म्या जाडीची. हीच परीक्षा पुढूनमागेही करावी, कारण खांब दोन्ही दिशांनी कलू शकतो. शिम कागदाची नसावी, कागद दबतो. पितळेचा किंवा पोलादाचा पत्रा घ्यावा, त्याच्या कडा घासून बारीक उंचवटे काढावेत आणि बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे आवळावेत. आवळून झाल्यावर पुन्हा मोजावे. सैल बोल्टांवर आलेले माप हे माप नव्हेच.

चौथी पायरी डोक्याची. पुष्कळ यंत्रांवर डोके तिरके करण्यासाठी अंशांच्या खुणा कोरलेल्या असतात आणि शून्याची खूण शून्यावर आणली की काम झाले असे वाटते. त्या खुणा कामचलाऊ असतात. पाव अंशाची चूक डोळ्याला जेमतेम दिसते. पण २०० मिलिमीटर अंतरात तिचा परिणाम ०.८७ मिलिमीटर होतो. म्हणून खरी परीक्षा डायलचीच. स्पिंडलला आडवा हात बसवून, मध्यापासून १०० मिलिमीटरवर डायल लावावी आणि स्पिंडल हाताने फिरवावे, म्हणजे डायल टेबलावर २०० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ काढते. टेबलाच्या खाचांमध्ये काट्याची टोकणी अडखळते. यासाठी एखाद्या मोठ्या जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी टेबलावर पुसून ठेवावी आणि हात तिच्या मापाने आखूड करावा. कडीच्या दोन्ही बाजू कारखान्यातच घासून समांतर केलेल्या असतात. भंगारात मिळणाऱ्या या वस्तूने एक गुळगुळीत गोल वाट तयार होते.

डावीकडे शून्य लावले आणि उजवीकडे ०.१० आले, तर डोके किंचित फिरवून फरक निम्म्यावर आणावा, पुन्हा डावीकडे शून्य लावावे आणि पुन्हा पाहावे. तीनचार फेऱ्यांत दोन्ही बाजू सारख्या होतात. मग हेच पुढूनमागे. या परीक्षेचे वैशिष्ट्य असे, की डायल धरणारा हात वाकडा असला तरी निकाल बदलत नाही; तोच हात, तेच अंतर, तीच डायल दोन्ही बाजूंना जाते, आणि तुलना होते ती फक्त स्पिंडल व टेबल यांच्यात. घरगुती कामासाठी २०० मिलिमीटरात ०.०२ पर्यंतचा फरक चालू शकतो. हा फरक का पाहावयाचा, ते एका उदाहरणाने ध्यानात येईल. डोके सरकण्याच्या दिशेने अंशाचा केवळ दहावा भाग कललेले असेल आणि कटर ५० मिलिमीटर व्यासाचा असेल, तर कापलेला पृष्ठभाग मध्ये चार शतांश मिलिमीटरहून अधिक खोलगट होतो. हाताला तो आरशासारखा लागतो. त्यावर झाकण बसवले की तेल झिरपते.

पाचवी पायरी शेगड्याची. त्याचा एक जबडा पक्का असतो आणि एक सरकता. डायल नेहमी पक्क्या जबड्यावर लावावी आणि टेबल डावीउजवीकडे चालवून पाहावे. एक बोल्ट बेताने आवळलेला ठेवून दुसऱ्या टोकाला लाकडी मोगरीने हलके ठोके द्यावेत. सरकता जबडा काम आवळताना थोडा उचलला जातो, म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही. हे झाले की शेवटची साक्ष यंत्राकडूनच घ्यावी. एखाद्या सपाट तुकड्यावर हलका काप घ्यावा आणि तिरप्या उजेडात कटरच्या खुणा पाहाव्यात. पुढच्या कडेच्या आणि मागच्या कडेच्या अशा दोन्ही कमानी एकमेकींना छेदून जाळी उमटली, तर कटरच्या दोन्ही कडा सारख्या टेकत आहेत, म्हणजे स्पिंडल लंब आहे असे समजावे. एकाच बाजूच्या कमानी दिसल्या, तर चौथ्या पायरीवर परत जावे.

येथवरचे सारे कोणत्याही गावाला लागू आहे. ग्वाल्हेरला आणखी एका वैऱ्याशी गाठ आहे, तो म्हणजे उष्मा. या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पौषातल्या पहाटे तो पाच अंशांपर्यंत खाली येतो. एक मीटर लांबीचे बीड एका अंशाने तापले की साधारण एक मिलिमीटरच्या नव्वदाव्या भागाइतके वाढते. सगळे यंत्र सारखे तापले तर फारसे बिघडत नाही, कारण काटकोन काटकोनच राहतो. बिघडते ते एकाच अंगाला ऊन लागल्याने. ६०० मिलिमीटर उंचीच्या, १०० मिलिमीटर जाडीच्या खांबाची खिडकीकडची बाजू दुसरीपेक्षा दोनच अंश अधिक तापली, तर त्याचा माथा २०० मिलिमीटरात ०.०२६ मिलिमीटर इतका कलतो. चांगल्या जुळणीसाठी जेवढी सूट दिली, तिच्याहून हे जास्त आहे. दोन दिवस खपून आणलेला काटकोन दुपारच्या उन्हाची एक तिरीप तासाभरात मोडू शकते. पत्र्याच्या छपराखाली यंत्र असेल तर ते भिंतीपासून थोडे दूर, पश्चिमेच्या खिडकीपासून बाजूला ठेवावे. जुळणी सकाळी करावी, आणि त्याआधी स्पिंडल पंधरावीस मिनिटे रिकामे फिरवून कामाच्या उष्णतेवर आणावे. लूच्या दिवसांत वाटांवर कापड झाकावे. धूळ आणि तेल यांचे मिश्रण म्हणजे घासण्याची पूडच होय.

यंत्राला खरेपणा शिकवण्याची ही विद्या फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने १८४० साली खरा सपाट पृष्ठभाग कसा करावा, हे विद्वत्सभेपुढे मांडले. तीन लोखंडी पाट घ्यावेत, त्यांना रंग लावून आळीपाळीने जोडीजोडीने घासावे आणि उंच भाग खरवडावेत. दोनच पाट असले तर एक फुगीर आणि दुसरा खोलगट राहूनही ते एकमेकांत बसतील. तिसरा आला की लबाडीला जागा उरत नाही. पुढे बर्लिनचे प्राध्यापक गेओर्ग श्लेझिंगर यांनी १९२७ साली यंत्रांच्या परीक्षेची पद्धत पुस्तकात बांधून दिली. कोणत्या यंत्रावर डायल कोठे लावावी आणि किती फरक क्षम्य मानावा, हे त्यात नेमके सांगितले होते. यंत्र विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबण्याऐवजी घेणाऱ्याने स्वतः मोजून पाहावे, हा हक्क त्यामुळे कारागिराला मिळाला. श्लेझिंगर ज्यू होते; १९३३ नंतर त्यांना जर्मनीत राहता आले नाही आणि उरलेले आयुष्य परदेशी काढावे लागले. त्यांची परीक्षापद्धती मात्र जगभर पसरली.

घरच्या कारखान्यात यापैकी फारसे काही महाग नाही. एक डायल, एक गुण्या, जुन्या बेअरिंगची कडी, पितळी पत्र्याचे तुकडे आणि मोकळी सकाळ एवढी सामग्री पुरते. त्यात एका वहीची भर घालावी. प्रत्येक जुळणीनंतर तारीख, खोलीचे तापमान आणि चारही दिशांची वाचने तीत लिहावीत. दोन हंगामांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, की यंत्राचा स्वभाव कळू लागतो: ते उन्हाळ्यात कोणत्या बाजूला झुकते, कोणता बोल्ट सहा महिन्यांत सैल होतो, कोणती वाट अधिक झिजते. मग गिऱ्हाईक एखादा बसत नसलेला भाग परत घेऊन आले, तर यंत्र बरोबर होते की नव्हते, याचे उत्तर अंदाजाने द्यावे लागत नाही. नवे यंत्र असो वा लिलावात घेतलेले जुने, ते ज्याने मोजून घेतले त्याच्याच उपयोगी पडते. आणि न मोजता वापरलेले उंची यंत्रही दर दिवशी थोडा थोडा माल वाया घालवीत राहते.